मोबाइलच्या स्क्रीनची सफाई आणि जंतुनाशन: योग्य क्रम आणि टाळण्याच्या चुका

फोनच्या स्क्रीनवर सॅनिटायझरचे दोन फवारे मारायचे आणि हाताशी येईल त्या फडक्याने, रुमालाने किंवा ओढणीच्या टोकाने ती लगेच कोरडी करायची, ही पद्धत घरोघरी रूढ झाली आहे. तिच्यात तीन चुका एकाच वेळी होतात. ओशट थर न काढताच जंतुनाशक लावले जाते, त्या जंतुनाशकाला काम करायला वेळ मिळत नाही, आणि फवाऱ्यातले द्रव स्पीकरच्या जाळीतून किंवा चार्जिंगच्या पोर्टमधून आत उतरते. स्क्रीन चकचकीत दिसू लागते, पण जंतू बऱ्याच अंशी तिथेच राहतात.

स्वच्छता आणि जंतुनाशन ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. पहिल्या कामात धूळ, घाम, त्वचेचे तेल, चेहऱ्याचे क्रीम आणि स्वयंपाकघरातला तेलकटपणा काढायचा असतो. दुसऱ्या कामात मागे उरलेले जंतू मारायचे असतात. खरकट्या भांड्यावर उकळते पाणी ओतून भांडे घासल्याचे समाधान कोणी मानत नाही, तसेच हे आहे. तेलाच्या थराखाली दडलेल्या जंतूंपर्यंत द्रव नीट पोहोचतच नाही. पुढील सर्व टप्पे याच एका गोष्टीभोवती रचलेले आहेत, म्हणून त्यांतला एखादा सोयीसाठी गाळू नये.

## तयारी: साहित्य आधी जवळ ठेवावे

एकदा फोन ओलसर केल्यावर कापड शोधायला उठणे म्हणजे हात पुन्हा अस्वच्छ करणे होय. त्यामुळे पुढील वस्तू आधीच जवळ घ्याव्यात.

- मायक्रोफायबरची तीन स्वच्छ कापडे: एक ओलसर पुसण्यासाठी, दुसरे जंतुनाशकासाठी, तिसरे शेवटी कोरडे पुसण्यासाठी. चष्म्याबरोबर मिळणारी कापडे चालतात.
- मऊ केसांचा, पूर्ण कोरडा छोटा ब्रश. चित्रकलेचा नवा ब्रश उत्तम. वापरलेला टूथब्रश नको, कारण त्यात पेस्टचे कण राहिलेले असतात.
- वाटीभर डिस्टिल्ड किंवा गाळलेले पाणी. बोअरवेलच्या जड पाण्याने काचेवर क्षारांचे पांढरे डाग राहतात.
- ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, किंवा त्याच अल्कोहोलने भिजवलेले तयार वाइप.

कापडाच्या बाबतीत तडजोड करू नये. टिश्यू पेपर, वर्तमानपत्र आणि जाड टॉवेल यांच्या धाग्यांनी स्क्रीनवरचा लेप झिजतो. बहुतेक फोनच्या काचेवर बोटांचे ठसे सहज पुसले जावेत म्हणून तेल धरून न ठेवणारा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. तो काचेचा भाग नसून काचेवर बसवलेला थर असतो, त्यामुळे प्रत्येक घासण्याने तो थोडा थोडा कमी होतो आणि एकदा गेला की घरी परत आणता येत नाही.

तपासणी: लेप शिल्लक आहे का हे पाहण्यासाठी बंद स्क्रीनच्या मध्यभागी पाण्याचा एक लहान थेंब ठेवावा. थेंब गोल, फुगीर राहिला तर लेप चांगला आहे. तो पसरून सपाट झाला तर लेप झिजला आहे. स्क्रीनगार्ड लावलेले असेल तर ही परीक्षा स्क्रीनगार्डची होते, मूळ काचेची नव्हे.

## द्रव निवडताना

सर्वाधिक नुकसान चुकीच्या बाटलीमुळे होते, म्हणून या भागाकडे सावकाश लक्ष द्यावे.

ॲपलने आपल्या उपकरणांच्या कठीण बाह्य पृष्ठभागांसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या किंवा ७५ टक्के इथाइल अल्कोहोलच्या वाइपने हलकेच पुसण्याची मुभा दिली आहे, आणि ब्लीच व हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. आपला फोन अन्य कंपनीचा असेल तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील सूचना एकदा वाचाव्यात.

औषधांच्या दुकानात ९९ टक्क्यांची बाटलीही मिळते आणि ती अधिक प्रभावी असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. अल्कोहोल जंतूंमधल्या प्रथिनांची रचना मोडते आणि त्या क्रियेला पाणी लागते. शिवाय ९९ टक्के अल्कोहोल काचेवरून इतक्या झटपट उडून जाते की जंतूंशी त्याचा पुरेसा संपर्कच येत नाही. ९९ टक्क्यांचीच बाटली हाती असेल तर ७० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये ३० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी मिसळावे. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी दुकानात मिळते.

सावधान: बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाण्याच्या शेजारीच बॅटरीचे ॲसिड ठेवलेले असते आणि कॅन एकसारखे दिसू शकतात. लेबल वाचल्याशिवाय आणि दुकानदाराला विचारल्याशिवाय कॅन घरी आणू नये.

हाताचे सॅनिटायझर फोनसाठी बनवलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या सूत्रांपैकी एकात ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. ग्लिसरॉल त्वचा कोरडी पडू नये म्हणून घातलेले असते आणि ते उडून जात नाही. काचेवर त्याचा चिकट पापुद्रा राहतो, त्यावर पुन्हा धूळ बसते, आणि स्क्रीन आधीपेक्षा लवकर मळते. जेलच्या रूपातील सॅनिटायझरमध्ये घट्टपणा आणणारे आणखी घटक असतात, त्यामुळे ते त्याहून वाईट.

जखमेसाठी वापरायची, पाण्यात टाकताच दुधट होणारी अँटिसेप्टिक द्रवे टाळावीत, कारण त्यांतले साबण आणि तेलकट घटक काचेवर मागे राहतात. खिडकीच्या काचा पुसायचे द्रव, फरशीचे फिनेल, व्हिनेगर, लिंबाचा रस, नेलपॉलिश रिमूव्हर आणि टूथपेस्ट यांपैकी काहीही स्क्रीनला लावू नये. टूथपेस्टने ओरखडे जातात हा समज तर विशेष घातक आहे. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात, ओरखडा तसाच राहतो आणि भोवतालचा लेपही निघतो. सर्जिकल स्पिरिटची बाटली घरात असेल तर त्यातले घटक वाचावेत. त्यात एरंडेल किंवा अन्य तेल असेल तर ते फोनसाठी निरुपयोगी आहे.

बाळासाठी वापरायचे ओले वाइप जंतुनाशक नसतात. त्यांनी वरवरचा मळ निघतो, पण त्यातील मऊपणा देणारे घटक काचेवर राहतात.

## टप्पा १: जागा आणि हात

आयसोप्रोपिल अल्कोहोल ज्वलनशील आहे आणि त्याची वाफ आपल्या नेहमीच्या हवामानातही पेट घेऊ शकते. म्हणून गॅसच्या शेगडीजवळ, तेवत्या समईजवळ किंवा पेटत्या उदबत्तीजवळ हे काम करू नये. खिडकी उघडी ठेवावी. छताचा पंखा मात्र बंद करावा, कारण पंख्याच्या वाऱ्याने द्रव काही सेकंदांत उडते आणि मग जंतुनाशनाला लागणारा वेळ मिळत नाही.

टेबलावर स्वच्छ कापड पसरावे, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात. हात न धुता फोन पुसणे म्हणजे एका बाजूने काढलेले जंतू दुसऱ्या बाजूने परत लावणे होय.

## टप्पा २: फोन बंद करणे आणि सुटे भाग वेगळे करणे

चार्जर आणि इयरफोन काढावेत. फोन पूर्णपणे बंद करावा. नुसती स्क्रीन काळी करणे पुरेसे नाही. वीज वाहत असलेल्या संपर्कबिंदूंवर ओलावा आला तर ते फार लवकर गंजतात. शिवाय चालू फोन पुसताना नको तिथे स्पर्श होतो; पॉवरचे बटण लागोपाठ दाबले गेल्यास ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लागण्याची सोय अनेक फोनमध्ये असते. स्क्रीन काळी असली की ठसेही स्पष्ट दिसतात, हा आणखी एक लाभ.

मागचे कव्हर काढून बाजूला ठेवावे. स्क्रीनगार्ड काढू नये, मात्र त्याच्या कडा सुटल्या आहेत का ते पाहावे. सुटलेल्या कडेखाली द्रव आपोआप ओढले जाते आणि चिकट थर विरघळवते.

तपासणी: स्क्रीनला किंवा मागच्या काचेला तडा असेल तर इथेच थांबावे. तड्यातून अल्कोहोल आत झिरपते आणि काचेचे सूक्ष्म तुकडे बोटांत शिरतात. अशा फोनची काच बदलून घेणे हाच खरा उपाय. तोपर्यंत तड्यावर नवे स्क्रीनगार्ड बसवून केवळ त्या स्क्रीनगार्डचा पृष्ठभाग पुसावा.

## टप्पा ३: कोरडी धूळ झटकणे

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो, आणि स्क्रीनवर उमटणारे बारीक ओरखडे बहुधा त्यामुळेच येतात. रस्त्यावरच्या धुळीत आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोहस् मापनश्रेणीवर क्वार्ट्झ ७ वर आहे, तर फोनची काच साधारण ६ च्या आसपास ओरखडू लागते. असे कण काचेवर असताना कापड दाबून फिरवले तर ते कापडच घासकागदाचे काम करते.

फोन उभा किंवा तिरका धरून, स्क्रीनचे तोंड जमिनीकडे करून, ब्रशने धूळ हलकेच खाली पडू द्यावी. त्यानंतर स्पीकरच्या जाळ्या, मायक्रोफोनची छिद्रे, चार्जिंगचे पोर्ट आणि बटणांच्या फटी याच कोरड्या ब्रशने झटकाव्यात. हे आताच करायचे, कारण ओलसर पुसणे आधी झाले तर जाळीतली धूळ भिजून तिचा लगदा होतो आणि मग तो निघत नाही. आवाज दबून येण्याची तक्रार पुष्कळदा इथूनच सुरू होते.

टाचणी, सुई, सेफ्टी पिन यांनी पोर्ट कोरू नये. तोंडाने फुंकरही मारू नये, कारण फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा जातो. दाबाखालच्या हवेचे डबे वापरू नयेत, असे ॲपलनेही सांगितले आहे.

रंगपंचमीनंतर किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर फोनवर गुलाल बसलेला असेल तर या टप्प्यावर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ द्यावा. कोरडा असेपर्यंत गुलाल ब्रशने सहज झडतो. पाणी लागताच त्याचा रंग सुटतो आणि जाळीत, फटीत व कव्हरमध्ये कायमचा बसतो. समुद्राच्या पाण्याचे शिंतोडे वाळून मिठाचे कण झाले असतील तर त्यांवर ब्रशही जोराने फिरवू नये. ओलसर कापड क्षणभर नुसते टेकवून मीठ विरघळू द्यावे आणि मग उचलून घ्यावे.

## टप्पा ४: ओशट थर काढणे

पहिले कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळावे. तपासणी: कापड मुठीत पुन्हा दाबल्यावर एकही थेंब पडता कामा नये. थेंब पडत असेल तर आणखी पिळावे.

स्क्रीनच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकाकडे, एकाच दिशेने, एकमेकांना लागून सरळ पट्टे घेत पुसावे. गोल गोल फिरवल्याने तेल एका जागेवरून दुसरीकडे सरकते. प्रत्येक दोन-तीन पट्ट्यांनंतर कापडाची घडी बदलून स्वच्छ बाजू घ्यावी. पोर्ट आणि जाळ्या यांच्यापासून साधारण अर्धा सेंटिमीटर दूर राहावे आणि हात बाहेरच्या दिशेने न्यावा, छिद्राकडे नव्हे. मग मागची बाजू आणि कडा त्याच रीतीने पुसाव्यात. कॅमेऱ्याच्या काचेला कोरड्या कापडाचा स्वच्छ कोपरा लावावा. तिथे दाब देऊ नये.

स्वयंपाक करताना फोन हाताळला असेल, फोडणीचे तेल किंवा कणीक लागली असेल, तर नुसत्या पाण्याने ती जाणार नाही. अशा वेळी वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एकच थेंब मिसळून, त्यात पिळलेल्या कापडाने केवळ डागाची जागा पुसावी आणि लगेच साध्या ओलसर कापडाने साबण काढून टाकावा. साबण राहू देऊ नये, याचे कारण केवळ पुसट पट्टे नव्हे: काही वाइपमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड हा जंतुनाशक घटक असतो आणि साबणाच्या अंशाने त्याचा प्रभाव कमी होतो.

सावधान: आयपी ६८ (धूळ आणि पाणी आत शिरण्यापासूनच्या संरक्षणाची पात्रता) असे लिहिलेला फोन नळाखाली धुऊ नये. ही पात्रता नव्या फोनची, ठरावीक परिस्थितीत, साध्या पाण्यात घेतलेल्या चाचणीवर दिली जाते. साबणाचे पाणी आणि अल्कोहोल त्या चाचणीत नसतात, आणि फोन जुना होतो तसे आतले रबरी बंद सैल होतात. द्रव शिरून झालेले नुकसान सहसा वॉरंटीत येत नाही.

## टप्पा ५: जंतुनाशन

ओलसर पुसल्यानंतर स्क्रीन कोरड्या कापडाने टिपून घ्यावी, कारण तिच्यावर पाणी राहिले तर अल्कोहोलचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली येते.

आता दुसऱ्या कापडावर अल्कोहोल घ्यावे. द्रव नेहमी कापडावर घ्यायचे, फोनवर कधीही थेट टाकायचे किंवा फवारायचे नाही. या संपूर्ण लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची झाली तर ती हीच ठेवावी. कापड दमट व्हावे, निथळू नये. तयार वाइप वापरत असल्यास ते पाकिटातून काढल्यावर एकदा हलकेच पिळावे.

पुन्हा वरून खाली सरळ पट्ट्यांनी संपूर्ण स्क्रीन पुसावी, मग मागची बाजू, कडा आणि बटणे. ज्या कडेला आपला हात आणि गाल लागतात, ती बहुतेक जण विसरतात.

यानंतर काचेवर दिसणारा ओलावा निदान ३० सेकंद, शक्य असल्यास एक मिनिट, टिकायला हवा. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात तो पंधरा सेकंदांतही उडू शकतो. तसे झाले तर त्याच कापडाने पुन्हा एक हलका हात फिरवावा, पण अधिक द्रव ओतू नये. वाइपच्या पाकिटावर किती वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा हे लिहिलेले असते आणि काही उत्पादनांसाठी तो वेळ कित्येक मिनिटांचा असतो. तिथे पाकिटावरची सूचनाच प्रमाण मानावी.

लगेच कोरडे पुसण्याचा मोह आवरावा. घाईने पुसलेले जंतुनाशक म्हणजे न लावलेले जंतुनाशक.

## टप्पा ६: वाळवणे आणि अंतिम तपासणी

वेळ पूर्ण झाल्यावर द्रव आपोआप उडू द्यावे. हेअर ड्रायर लावू नये, फोन उन्हात ठेवू नये. मग तिसरे, पूर्ण कोरडे कापड हलक्या हाताने एकदा फिरवावे आणि फोन किमान दहा मिनिटे तसाच बंद ठेवावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत, हा वेळ अर्ध्या तासापर्यंत वाढवावा.

तपासणी: खिडकीच्या उजेडात फोन तिरका धरावा. इंद्रधनुषी किंवा पांढुरके पट्टे दिसत असतील तर साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला आहे; चौथा टप्पा साध्या पाण्याने पुन्हा करावा. कडा आणि पोर्ट यांच्याभोवती ओलसर चमक नाही ना, हे पाहावे. फोन सुरू केल्यावर पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना आली तर ती सूचना जाईपर्यंत चार्जर लावू नये.

## टप्पा ७: कव्हर

फोन स्वच्छ करून मळके कव्हर परत चढवणे ही इतकी साधी चूक आहे की ती लक्षातच येत नाही. सिलिकॉनचे आणि प्लॅस्टिकचे कव्हर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच लावावे. कव्हर आणि फोन यांच्यात अडकलेला ओलावा कित्येक तास टिकतो. चामड्याच्या कव्हरला अल्कोहोल लावू नये, ते कोरडे पडून भेगाळते. पारदर्शक कव्हरवरचा हळदीचा डाग उन्हात ठेवल्यास फिका होतो, कारण हळदीतला रंग प्रकाशात टिकत नाही. काळाबरोबर आलेला पिवळेपणा मात्र प्लॅस्टिकमध्ये झालेल्या बदलाचा असतो आणि तो कोणत्याही द्रवाने जात नाही.

## घडीचे फोन आणि अतिनील किरणांचे डबे

घडी होणाऱ्या फोनची आतली स्क्रीन वरून मऊ प्लॅस्टिकच्या पापुद्र्याने झाकलेली असते. तिला नखाचाही दाब सहन होत नाही. तिच्यावर कोरडे मायक्रोफायबरच वापरावे, बिजागरीजवळ द्रव नेऊ नये, आणि जंतुनाशकाबाबत कंपनीची सूचना पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाहेरच्या स्क्रीनला वरील सर्व टप्पे लागू होतात.

अतिनील किरणांच्या डब्यात फोन ठेवून जंतू मारता येतात, परंतु किरण जिथे थेट पोहोचतात तिथेच. ओशट थराखाली, सावलीत आणि फटींत ते पोहोचत नाहीत, म्हणून पुसण्याचे काम त्याने टळत नाही. उघड्या दिव्याकडे पाहू नये आणि तो त्वचेवर पडू देऊ नये.

## किती वेळा करावे

रुग्णालयात, दवाखान्यात किंवा आजारी माणसाच्या सेवेत असणाऱ्यांनी कामाची पाळी संपल्यावर रोज जंतुनाशन करावे. इतरांना ओलसर कापडाची सफाई एक-दोन दिवसांआड आणि अल्कोहोल आठवड्यातून एकदा पुरेसे आहे, असे माझे मत आहे. दिवसातून चार वेळा अल्कोहोल चोळल्याने लेप लवकर जातो, आणि लेप गेलेली काच अधिक मळते, म्हणून आणखी चोळली जाते.

अल्कोहोलच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. जिवाणूंची बीजाणू अवस्था त्याने मरत नाही, आणि उलट्या-जुलाबांना कारण होणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा परिणाम कमी होतो. घरात पोटाची साथ असेल तर फोन शौचालयात न नेणे आणि साबणाने हात धुणे, हे स्क्रीन पुसण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

## काम झाल्यावर

तिन्ही कापडे सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावीत. कपडे मऊ करणारे द्रव त्यांना लावू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो, कापडाची तेल शोषण्याची क्षमता कमी होते आणि पुढच्या वेळी तोच थर काचेवर उतरतो. वाळलेली कापडे झाकणाच्या डब्यात ठेवावीत. अल्कोहोलची बाटली घट्ट बंद करून, तिच्यावर ठळक नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा थंड जागी ठेवावी; पाणी मिसळून तयार केलेले द्रव पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये.